एकही मूल हललं नाही

केटल फोर्ड गावच्या हायस्कुलातला, सैन्याच्या मदतीने चालणारा कॅडेटचा वर्ग बंद होणार, ही बातमी सार्जंट ल्यूशस टार्प्ली यांना न्हाव्याच्या खुर्चीत कळली. गळ्याभोवती पांढरं कापड, डोकं अर्धं झालेलं, आणि मागे क्लिऑन न्हावी मशीन हातात धरून सांगतोय की शाळामंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय येणार. क्लिऑनच्या दुकानात बातम्या शाळेच्या आधी पोचत. सार्जंटनी झटकन मान वळवली.

"हलू नका," क्लिऑन म्हणाला. "जन्मभर पोरांना सांगता ना, मग आता स्वतः नका हलू. कान जाईल."

सार्जंट हलले नाहीत. समोरच्या आरशात त्यांना आपलं अर्धं भादरलेलं डोकं दिसत होतं. सैन्यातून निवृत्त होऊन या गावात आले तेव्हा हे केस काळेभोर होते. तेव्हा कागदाची गिरणी चालू होती आणि शाळेत पोरं मावत नव्हती. गिरणी बंद पडली, घरं रिकामी होत गेली, आणि कॅडेटची तुकडी दरवर्षी थोडी थोडी आखूड होत गेली. तुकडीत अमुक इतकी मुलं हवीतच, नाहीतर सैन्य आपला हात काढून घेतं, असा नियम आहे. मंडळाला तेवढं निमित्त पुरेसं होतं. वाचलेल्या पैशातून लहान वर्गांसाठी वाचन शिकवणारे शिक्षक आणायचे होते.

वाईट म्हणाल तर हेच वाईट होतं. समोर कोणी दुष्ट माणूस असता तर सार्जंटना त्याच्याशी भांडता आलं असतं. पण गावातली तिसरीतली पोरं अक्षरं जुळवताना रडकुंडीला येतात, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांतलीच पोरं पुढे नववीत त्यांच्याकडे येत.

येत कशी, तर बहुतेक खाली बघत येत. कॅडेटची खोली शाळेआधी बरीच लवकर उघडे. सार्जंट कोपऱ्यातल्या शेगडीवर मक्याच्या कण्या शिजत ठेवत आणि ज्याला हव्यात त्याने वाढून घ्याव्यात, विचारायचं नाही, असा रिवाज होता. कण्यांसाठी येणारी पोरं हळूहळू बुटांना पॉलिश करायला शिकत, मग गणवेशाला इस्त्री करायला, मग समोरच्याच्या डोळ्यांत बघून "गुड मॉर्निंग, सार्जंट" म्हणायला. वेंडेल नावाचा एक मुलगा तर पहिली तिमाही शाळेत कोणाशी एक शब्द बोलला नव्हता. आता तो सकाळी कण्या ढवळत नवीन पोरांना टोमणे मारायचा. सैन्यात त्यांतली फार थोडी जात. सार्जंट कोणाला जा असं सांगतही नसत. पण हे सगळं सभेत कोण सांगणार?

ते स्वतः सांगू शकत नव्हते. बातमी फुटल्याच्या आठवड्यातच शाळांच्या अधीक्षक बाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि शांतपणे बजावलं, की आपल्याच नोकरीच्या प्रश्नावर कर्मचाऱ्याने सभेत तोंड उघडायचं नाही. आणि मुलांना पढवून बोलायला लावल्याचं कळलं, तर गोष्ट त्यांच्याच अंगाशी येईल. सार्जंट "हो मॅडम" म्हणून परत आले. हुकूम आला की तो पाळायचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

मग गावाने आपल्या परीने काम हाती घेतलं. क्लिऑनने दुकानाच्या काचेवर जुन्या तुकड्यांचे फोटो लावले. ज्याच्या त्याच्या अंगणात "आमचे कॅडेट, आमचं गाव" अशा पाट्या उभ्या राहिल्या. बाप्टिस्ट चर्चने शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण ठेवलं आणि पाद्रीबाबांनी जेवायला आलेल्या प्रत्येकाकडून सभेला यायचं वचन घेतलं. पण खरी गर्दी जमली ती शनिवारी, स्टब्जच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर.

त्याचं असं होतं. दरवर्षी शरदात, शाळेच्या मोठ्या फुटबॉल सामन्याच्या आदल्या दिवशी, कॅडेट या दुकानासमोर रांगेत उभे राहत आणि गावाने त्यांना बोलतं करायचं किंवा हसवायचं. गावात याला खांब लावणं म्हणत. हार्लन स्टब्ज हा दुकानाचा मालक आणि तोच शाळामंडळाचा अध्यक्ष. या खेळात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पोरांच्या नाकासमोर शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा नाचवत तो गोड आवाजात म्हणायचा, "बोल रे राजा, एक शब्द बोल, ही तुझी. कोण रागावणार आहे? मीच तर अध्यक्ष आहे." आया येऊन विचारायच्या, घराची किल्ली कुठे ठेवलीस? पोरी येऊन कानात काहीतरी सांगून जायच्या. जी रांग शेवटपर्यंत हलायची नाही, तिला तो चिक्कीची सगळी परात देऊन टाकायचा. पोरं वर्षभर याची तयारी करत. समोर कोणीही येवो, आई येवो की अध्यक्ष, तुकडीनायकाचा हुकूम होईपर्यंत खांब बोलत नाही.

यंदा सार्जंटनी खांब वसंतातच लावले, सभेच्या आधीच्या शनिवारी. गाव लोटलं. उकडलेल्या शेंगांच्या पातेल्याभोवती लोक हसत उभे होते आणि हार्लन घामाघूम होऊन पोरांना चिडवत होता. तुकडीच्या पुढे केझाया रॉल्स उभी होती. अकरावीतली, उंच, काटक. ती मावशीकडे राहायची आणि सुट्टीच्या दिवशी आइस्क्रीमच्या गाड्यावर काम करायची. यंदाची तुकडीनायक तीच होती. तिच्या हनुवटीवर माशी बसली, ओठावरून फिरली, नाकावर गेली. केझायाची पापणीसुद्धा लवली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गर्दीत व्हर्ना ओगल्सबी बाईही होत्या. तिसरीच्या वर्गाला आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता मंडळाच्या पाच जणांतल्या एक. क्लिऑनच्या हिशेबाने दोघे आपल्या बाजूचे, दोघे विरुद्ध, आणि बाई कोणाच्याच नाहीत. तुकडी वाचायची की बुडायची ते त्यांच्या एका हातावर होतं. त्या बराच वेळ मुलांकडे पाहत राहिल्या. मग सार्जंटजवळ येऊन म्हणाल्या, "किती छान उभी राहतात हो."

"थँक यू, मॅडम," सार्जंट म्हणाले, आणि त्यांना मनातून फार बरं वाटलं. बाई आणखी काही विचारणार होत्या, पण तेवढ्यात हार्लनने हरलो म्हणून परात डोक्यावर धरली आणि गलका झाला.

त्या संध्याकाळी सार्जंटनी सभेचा बेत पक्का केला. बोलायचं ते मोठी माणसं बोलतील. मुलं बोलणार नाहीत, मुलं नुसती दिसतील. म्हणजे पढवल्याचा आरोप येणार नाही, आणि जे पाहून गावाने टाळ्या वाजवल्या तेच बाईंच्या डोळ्यांसमोर राहील. त्यांनी केझायाला एवढंच सांगितलं, "भिंतीला समांतर रांग. सभा संपेपर्यंत तुकडी तुझी. मी मागे दाराशी असेन, पण मी तिथे नाही असं समजायचं."

"हो, सार्जंट," ती म्हणाली.

सभा ग्रंथालयात होती. ऊन कललं होतं आणि पश्चिमेच्या खिडक्यांतून ते सरळ मुलांच्या तोंडावर येत होतं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, लोक पुस्तकांच्या कपाटांना टेकून उभे. समोर लांब टेबलामागे मंडळाचे पाच जण, एका टोकाला अधीक्षक बाई. डाव्या भिंतीलगत निळ्या गणवेशातली तुकडी, बुटांच्या टोकांत छताचे दिवे दिसत होते. सार्जंट टार्प्ली दाराजवळ हात मागे बांधून उभे राहिले. या लोकांनी आपल्यासाठी कामावरून लवकर सुटून यावं, याचं त्यांना अवघडल्यासारखं होत होतं.

मोठी माणसं चांगलं बोलली. पाद्रीबाबा थोडं लांबले, पण हसवूनही गेले. क्लिऑन म्हणाला, की ज्या पोरांच्या मानेवर मी मशीन फिरवली त्यांतली कोणती कॅडेट झाली ते मला डोळे मिटून सांगता येतं, कारण ती खुर्चीतून उठताना थँक यू म्हणतात. जुन्या तुकडीतली एक मुलगी, जी आता जिल्ह्याच्या इस्पितळात परिचारिका होती, ती बोलता बोलता रडली. विरुद्ध बाजूने एकच गृहस्थ उठले. त्यांचा नातू दुसरीत होता आणि त्याला अजून वाचता येत नव्हतं. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, मला या मुलांचं वाईट चिंतायचं नाही, पण माझा नातू वाट किती बघणार?

हार्लन आता चर्चा संपवणार, तेवढ्यात ओगल्सबी बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मोठ्यांचं ऐकलं," त्या म्हणाल्या. "सगळे मनापासून बोलले. पण मला एका तरी मुलाचं ऐकायचंय. बाळांनो, तुमच्यापैकी कोणीही सांगा. हा वर्ग गेला तर तुमचं काय जाईल?"

तुकडी समोर बघत उभी राहिली.

"कोणीही," बाई पुन्हा म्हणाल्या. "नीट नाही जमलं तरी चालेल. परीक्षा नाहीये ही."

सार्जंटना पहिल्यांदा वाटलं, आता केझाया बोलेल. तिच्याजवळ बोलण्यासारखं पुष्कळ होतं. वेंडेलजवळ होतं. रांगेतल्या प्रत्येकाजवळ होतं. पण केझायाची नजर समोरच्या खिडकीवर होती आणि चेहरा शनिवारी होता तसाच होता. मुलांना हा खेळ वाटतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. समोर तेच अध्यक्ष, तीच गर्दी, तोच गोड आवाज. परीक्षा नाही असं कोणी म्हणालं की समजायचं, हीच परीक्षा. हे मुलांना त्यांनीच शिकवलं होतं.

हार्लनला बिचाऱ्याला मदतच करायची होती. तो टेबलावर पुढे वाकला आणि नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणाला, "अरे बोला रे. जो बोलेल त्याला चिक्की. आई शप्पथ, आज खरंच देतो."

लोक हसले. रांगेतल्या प्रत्येक मुलाची पाठ आणखी ताठ झाली.

केझायाचे डोळे क्षणभर हलले. मान न वळवता तिने दाराकडे, सार्जंटकडे पाहिलं. सार्जंटनी मान हलवली. बोल, असं त्यांना म्हणायचं होतं. पण शनिवारी दुकानासमोर, हार्लन चिक्की नाचवत असताना, त्यांनी अगदी अशीच मान हलवली होती आणि तेव्हा तिचा अर्थ शाबास असा होता. केझायाची नजर परत खिडकीवर गेली. उन्हाने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने ते पुसलं नाही.

एक हुकूम पुरे होता. मोकळे व्हा. सार्जंटचा आवाज मैदानाच्या पलीकडे जाई, इथे तर हाकेचं अंतर होतं. त्यांचं तोंड उघडलंही. पण टोकाला अधीक्षक बाई त्यांच्याचकडे बघत होत्या. आणि खरं सांगायचं तर केवळ त्या बाईंची भीती नव्हती. एकाच्या हाती दिलेली तुकडी दुसऱ्याने सगळ्यांदेखत काढून घ्यायची नसते. सैन्यातल्या एका अधिकाऱ्याने तरुणपणी त्यांच्याशी तसं केलं होतं, आणि तो अपमान त्यांनी कोणत्याही मुलाच्या वाट्याला येऊ दिला नव्हता. केझायाच्या तर नाहीच. ते विचार करत राहिले. आणि तेवढा वेळ ओगल्सबी बाई वाट बघत राहिल्या, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाची बघावी तशी.

शेवटी त्यांनी चष्मा उचलला. "असू दे," त्या म्हणाल्या. स्वर रागाचा नव्हता. "मी हयातभर मुलांना बोलतं करायची धडपड केली. इतकी मुलं एकत्र इतकी गप्प मी कधी पाहिली नाहीत. मला वाटतं मला उत्तर मिळालं."

हात वर झाले. बाईंचा हात सर्वांत शेवटी वर गेला, आणि तो वर्ग बंद करण्याच्या बाजूने होता. हार्लनने निकाल वाचला तेव्हा त्याला शब्द नीट लागेनात. क्लिऑन "अरे, पण" असं म्हणत उठला आणि पुन्हा खाली बसला. लोक खुर्च्या सरकवू लागले. तुकडी अजूनही उभी होती. सभा संपल्याचं हार्लनने म्हटल्यावर केझायाने हुकूम दिला, आणि मुलं एका तालात पावलं टाकत बाहेर पडली.

बाहेर गाड्यांच्या आवारात ती बसजवळ रांगेत थांबली. मतदानात किती हात कोणत्या बाजूला गेले, हे समोरच्या खिडकीकडे बघत उभ्या असलेल्या मुलांना कळलंच नव्हतं. हार्लनचं पुटपुटणं खुर्च्यांच्या आवाजात विरून गेलं होतं. केझाया सार्जंटकडे आली तेव्हा तिचा चेहरा फुललेला होता.

"सार्जंट, एकही मूल हललं नाही," ती म्हणाली. "वेंडेलला शिंक येत होती. त्याने दाबली. मी बघितलं."

सार्जंटनी आयुष्यात पुष्कळ वाईट बातम्या सांगितल्या होत्या. एकदा तर एका आईच्या दारात उभं राहून. पण इतका वेळ त्यांना कधी लागला नव्हता.

"केझाया, आपण हरलो."

तिला कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. बाई खरंच विचारत होत्या. त्यांना खरंच ऐकायचं होतं. त्यात काही खेळ नव्हता. ती ऐकत असताना तिच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट उतरत गेली, आणि शेवटी उरला तो अकरावीतल्या एका दमलेल्या मुलीचा चेहरा.

"पण तुम्ही मान हलवलीत," ती म्हणाली.

"हलवली. बोल म्हणून हलवली."

"मला वाटलं, शाबास."

"तसंच वाटणार. चूक माझी आहे. बोलू नका हे मी ठरवलं. आणि हुकूम मी द्यायला हवा होता, तोही दिला नाही. तुझ्याकडे यातलं काही येत नाही. ऐकलंस?"

केझायाने मान हलवली, नाही म्हणून. "तुकडी माझी होती, सार्जंट. पुढे जो उभा असतो, उत्तर त्याने द्यायचं. रांगेत कोण चुकलं ते सांगायचं नाही आणि मागे कोण होतं तेही नाही. तुम्हीच सांगता ना आम्हाला?"

सांगत होते. दरवर्षी, प्रत्येक नव्या नायकाला, अगदी याच शब्दांत सांगत होते, आणि मुलांनी ते मनावर घेतलं की त्यांना धन्य वाटायचं. आता त्यातला एक शब्दही त्यांना मागे घेता येईना. ते म्हणाले, हे लहानसहान चुकांसाठी असतं, एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी नसतं. त्यांचं त्यांनाच ते पोकळ वाटलं. केझायाने ते ऐकून घेतलं, मोठ्या माणसाचं ऐकून घ्यावं तसं.

"मुलांना मी सांगते," ती म्हणाली.

"नको. मी सांगतो."

"प्लीज, सार्जंट."

बसजवळ मुलं वाट बघत होती. कोणीतरी वेंडेलला कोपराने ढोसत होतं आणि तो हसू दाबत होता. सार्जंट टार्प्लींना वाटलं, निदान आता तरी या पोरीला बाजूला सारून आपण पुढे व्हावं. पण तिने टोपी नीट केली होती आणि ती निघालीही होती. मग ते तिच्या मागोमाग गेले आणि तिच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे, तुकडीच्या दुय्यम नायकाची जागा असते तिथे सावधान उभे राहिले. मुलांनी ते पाहिलं आणि त्यांची कुजबुज थांबली.

केझायाने त्यांना मोकळं केलं आणि बोलायला सुरुवात केली. काय झालं ते सांगितलं. चूक आपली म्हणाली. मग बाईंचा प्रश्न तिने जसाच्या तसा सांगितला आणि न थांबता त्याचं उत्तरही देऊन टाकलं. मावशी रात्रपाळी करून येते आणि घरात आवाज करायचा नसतो, म्हणून आपण अंधार असतानाच शाळेत येतो. त्या खोलीत पहिल्यांदा आपल्याला कोणीतरी विचारलं होतं, तुला काय वाटतं? तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे आपल्याला काही वाटतं हेच आपल्याला माहीत नव्हतं. आवाज एकदाच कापला, मग सरळ झाला. वेंडेल खाली बघत होता. ती फार चांगलं बोलली.

आवारातून गाड्या एकेक करून बाहेर पडत होत्या. ओगल्सबी बाईंची गाडी बसच्या अगदी जवळून गेली. त्यांनी मुलांकडे बघून हात हलवला. उकाडा होता, आत एसी चालू होता, म्हणून काचा वर होत्या.